अमूर्त चित्रात भाव उतरत नाही: रंग चुकतोय, आकार की आणखी काही?

धूसर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न अमूर्त चित्रांबद्दल आहे, पण "मनापासून काढा, आपोआप उतरेल" यापलीकडचं उत्तर हवं आहे.

माध्यम अॅक्रिलिक, जेसो (पांढरं अस्तर) लावलेला कॅनव्हास, साधारण ६० × ७५ सेंमी. पॅलेटवर कॅडमियम रेड मीडियम, यलो ऑकर, कॅडमियम यलो, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, बर्न्ट सिएना, टायटॅनियम व्हाइट आणि काळा.

अडचणी तीन. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांतता किंवा उदासी, पिवळा म्हणजे आनंद असे तक्ते सगळीकडे मिळतात. त्याप्रमाणे काढलं की चित्र पडद्याच्या कापडासारखं दिसतं. उदास व्हावं म्हणून काढलेलं निळं चित्र बघणाऱ्यांना "प्रसन्न" वाटतं. दुसरी, आकारांचंही तेच: टोकदार म्हणजे ताण, गोल म्हणजे निवांत, हे कागदावर पटतं, कॅनव्हासवर पटत नाही. आणि तिसरी, दुरुस्त करत गेलं की तासाभरात चिखल.

नेमकं काय बदलून पाहावं?

---

करडा

तो तक्ता आधी बाजूला ठेवा. "लाल" या शब्दाला राग चिकटला असेल, पण कॅनव्हासवर नुसता लाल कधीच नसतो. तो अमुक इतका उजळ असतो, अमुक इतका तीव्र असतो, अमुक एवढी जागा व्यापतो आणि त्याच्या शेजारी कोणीतरी असतं. यातलं एक बदललं तरी भाव बदलतो, नाव लालच राहतं.

वाल्डेझ आणि मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मन्सेलच्या (छटा, उजळपणा, तीव्रता मोजून ठरवलेल्या) रंगपट्ट्या दाखवून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात उजळपणा वाढला की रंग सुखद वाटण्याकडे झुकतो आणि तीव्रता वाढली की उत्तेजना वाढते, असं निघालं. छटेचा, म्हणजे लाल-निळा-हिरवा यांचा, वाटा या दोन्हींपेक्षा कमी होता. चित्रकाराच्या हाताला हे आधीच माहीत असतं, पण तक्ते नेमकं छटेवरच अडकून बसतात.

तुमचं निळं चित्र प्रसन्न का झालं याचा अंदाज बांधता येतो. अल्ट्रामरीनमध्ये बराच पांढरा गेला असेल, आणि मध्ये कुठेतरी पांढरा जेसो उघडा राहिला असेल. मूल्याच्या, म्हणजे उजळ-गडदपणाच्या, दहा पायऱ्यांच्या मापावर (० काळा, १० पांढरा) हा निळा ७-८ वर जातो. उजळ निळा आणि स्वच्छ पांढरा शेजारी आले की ते आभाळच होणार. तोच अल्ट्रामरीन बर्न्ट सिएनाने मारून ३ ते ५ या पट्ट्यात आणा, पांढरा उघडा सोडू नका, आणि बघा. बर्न्ट सिएना मुळात गडद नारिंगी आहे, म्हणजे निळ्याचा विरोधी. दोन्ही साधारण निम्मे-निम्मे घेतले की जवळजवळ काळा मिळतो. निळा थोडा जास्त ठेवला तर गार करडा, सिएना जास्त ठेवला तर ऊबदार करडा. बाटलीतला काळा या कामात नको. पांढऱ्यात मिसळल्यावर तो एकसुरी दिसतो. शिवाय पिवळ्यात गेला तर थेट शेवाळी हिरवा होतो, तेही ध्यानात असू द्या.

आता करून पाहायचं ते. १२ × १५ सेंमीचे सहा जाड कागद घ्या. सहाही कागदांवर एकच रचना आखा: एक मोठा भाग (साधारण ७०%), एक मध्यम (२५%), एक लहान (५%). पहिले तीन कागद फक्त करड्यात रंगवायचे.

पहिला: तिन्ही भाग ७ ते ९ मध्ये.
दुसरा: तिन्ही १ ते ४ मध्ये.
तिसरा: मोठा भाग ३, मध्यम ४, लहान ९.

तिसरा कागद पहिल्या दोघांपेक्षा वेगळंच बोलतो. तिथे काहीतरी "घडतं", कारण ५% जागेने सगळा उजेड ओढून घेतलाय. रंग अजून आलेलाच नाही आणि भाव आला. पुढच्या तीन कागदांवर हीच मूल्यं तशीच ठेवून रंग भरा. रंग भरल्यावर भाव उलटा झाला तर बहुतेक वेळा मूल्य घसरलेलं असतं. फोनवर फोटो कृष्णधवल करून तपासता येतं, पण फोन तीव्र लाल कधी जास्त गडद तर कधी जास्त उजळ दाखवतो. त्यापेक्षा डोळे बारीक करून करड्या पट्टीशेजारी ठेवून बघणं भरवशाचं.

शेजाऱ्याचं म्हणाल तर शेव्रल नावाचा रसायनतज्ज्ञ गोबलाँच्या गालिचा कारखान्यात रंगविभाग सांभाळत होता. काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी येत. धाग्याचा रंग ठीक होता, शेजारच्या रंगामुळे तो फिका दिसत होता. त्यातून १८३९ चं त्याचं पुस्तक आलं. चित्रकार योसेफ आल्बर्सने १९५० पासून चौकोनात चौकोन अशी एकच रचना हजारावर वेळा रंगवली ती याच गोष्टीसाठी. रंग थेट ट्यूबमधून, पॅलेट नाइफने, आणि फळीच्या मागच्या बाजूला कोणत्या कंपनीचा कोणता रंग याची नोंद. रचना हलत नाही, फक्त शेजारी बदलतात, आणि एक चौकोन धगधगतो तर दुसरा विझत जातो.

क्षेत्रफळाचंही एक माप आहे. रंगसिद्धांत शिकवणाऱ्या योहानेस इटनने जर्मन कवी गटेच्या आकड्यांवरून दिलेलं: पूर्ण तीव्र पिवळा आणि जांभळा यांचा तोल १:३ जागेत साधतो, नारिंगी-निळा १:२, लाल-हिरवा १:१. हे पाळण्यापेक्षा मोडायला जास्त उपयोगी आहे. तोल हवा तर पाळा, अस्वस्थता हवी तर उलटं करा. जांभळ्याच्या तिप्पट पिवळा लावलात तर तो जांभळा डोळ्यांना बोचत राहील.

---

रिकामी_जागा

करडा यांचं मूल्याबद्दलचं सगळं मान्य. पण प्रश्नातला आकाराचा भाग राहिला, आणि बहुतेक चित्रं तिथेच पडतात असं माझं मत.

टोकदार म्हणजे ताण हे निम्मं खरं आहे. क्योलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दाखवलं होतं की निरर्थक शब्दसुद्धा लोक आकारांना ठरावीक पद्धतीने जोडतात, टणक उच्चार काटेरी आकाराला आणि गोलसर उच्चार गोल आकाराला. म्हणजे आकाराला स्वतःचा स्वभाव असतो. पण चित्रात तो स्वभाव कुठे ठेवलाय यावर चालतो. कॅनव्हासच्या मधोमध, चारी बाजूंना मोकळी जागा सोडून ठेवलेला त्रिकोण चिन्हासारखा दिसतो. सूचना फलकावर असतो तसा. तोच त्रिकोण उजव्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर आणा, टोक कडेकडे करा. आता ताण त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या फटीत आहे, त्रिकोणात नाही.

तपासायच्या जागा अशा:

फटी. दोन आकारांमध्ये ८ सेंमी अंतर असेल तर ते एकमेकांचे कोणी लागत नाहीत. ५ मिलिमीटर असेल तर डोळा तिथून हलत नाही. नेमके टेकले तर बहुतेक वेळा ती चूक वाटते. एकतर थोडे एकमेकांवर चढवा, नाहीतर स्पष्ट फट ठेवा. सगळ्या फटी सारख्या झाल्या की नक्षी तयार होते. तुमचं "पडद्याचं कापड" इथून आलेलं असण्याची शक्यता फार: सारखे आकार, सारख्या फटी, सारखी तीव्रता.

वजन. खाली गेलेला गडद आकार टेकलेला वाटतो, वर गेलेला गडद आकार डोक्यावर दडपण आणतो. एकच चित्र उलटं करून पाहा, वीस सेकंदांत कळतं. उदासीसाठी वरचा दोन तृतीयांश भाग जड आणि खाली उजेडाची अरुंद पट्टी, ही मांडणी रंग कुठलाही असला तरी बरीचशी काम करते.

कड. यावर कोणी फारसं बोलत नाही आणि माझ्या मते निम्मा भाव इथेच असतो. मास्किंग टेपची कड, ब्रशची कड, स्पंजने पुसलेली कड, दोन ओले रंग एकमेकांत विरघळलेली कड. आकार तोच, रंग तोच, फक्त कड बदला: पहिल्यात निर्णय दिसतो, शेवटच्यात काहीतरी विसरत चाललंय असं वाटतं. चित्रकार मार्क रॉथकोचे चौकोन तरंगतात कारण पातळ थरांनी त्यांच्या कडा पक्क्या होऊच दिलेल्या नाहीत. आखीव कडांनी तेच चौकोन झेंडे दिसले असते. उलट टोकाला बार्नेट न्यूमन. १९४८ च्या 'वनमेंट १' मध्ये तपकिरी-लाल पार्श्वभूमीवर मधोमध एक उभी टेप, त्या टेपवरच हलका कॅडमियम रेड ओढलेला, दोन्ही कडा खडबडीत. कॅनव्हास जेमतेम ६९ × ४१ सेंमी. त्या एका पट्टीने जागा दुभंगते आणि तीच पट्टी दोन्ही बाजूंना धरूनही ठेवते.

कडेची आणखी एक गंमत: शेजारच्या दोन रंगांचं मूल्य सारखं आणि छटा विरोधी असेल तर कड थरथरते. तुमचा कॅडमियम रेड मीडियम साधारण ४ वर असतो. थॅलो ब्लूमध्ये थोडा कॅडमियम यलो आणि पांढरा घालून निळसर हिरवा त्याच ४ वर आणा, दोन्ही सपाट लावा, मध्ये रेघ नको. डोळ्याला स्थिर राहता येत नाही. अस्वस्थता दाखवायला वेडावाकडा आकार लागतोच असं नाही, सरळ चौकोनसुद्धा पुरतो. पूर्ण कॅनव्हासभर मात्र हे करू नका, बघणारा दहा सेकंदांत मान फिरवतो.

आणि रिकामी जागा रंगवावी लागते. फ्रान्झ क्लाइनच्या मोठ्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत काळे फटकारे पांढऱ्यावर मारलेत असं वाटतं. प्रत्यक्षात पांढराही रंगवलेला आहे, काळ्यावर चढवून, काळ्याला कापत. अनेक चित्रांची आधी लहान रेखाटनंही केलेली होती. जोरकस फटकारा म्हणजे न ठरवलेला फटकारा, हा समज तिथेच संपतो.

---

त्रिकोणी_पिवळा

थोडा वेगळा सूर. तक्ता फेकून द्या हे बरोबर, पण तक्ता आला कुठून ते कळलं तर त्याचा उपयोगही होतो. चित्रकार कांडिन्स्कीने १९२३ मध्ये बाउहाउस या जर्मन कलाशाळेत प्रश्नावली वाटली होती: त्रिकोण, चौकोन, वर्तुळ यांना पिवळा, लाल, निळा यांपैकी एकेक रंग द्या. त्याचं स्वतःचं उत्तर पिवळा त्रिकोण, लाल चौकोन, निळं वर्तुळ. नंतरच्या अभ्यासांत ही जोडी सगळीकडे तशीच निघाली नाही. पण त्याच्या विचारातला कामाचा भाग जोड्यांमध्ये नाहीच. रंग आणि आकार एकमेकांना दुजोरा देतात किंवा एकमेकांच्या विरोधात जातात, तो भाग कामाचा. टोकदार आकारात तीव्र पिवळा घातला की दोघं एकच गोष्ट ओरडून सांगतात. त्याच टोकदार आकारात विझलेला, गार, मऊ कडेचा निळा घातला की आकार एक म्हणतो आणि रंग दुसरं. माणसाच्या बहुतेक भावना अशा दुपेडीच असतात. नुसता राग, नुसता आनंद कमीच.

म्हणून "उदास" असा एक शब्द घेऊन बसू नका. दोन शब्द घ्या, एकमेकांना न जुळणारे: जड पण उबदार. शांत पण जवळ येणारं. एक शब्द आकाराला द्या, दुसरा रंगाला. कापडाची नक्षी होण्यापासून याने बरीच सुटका होते.

आणि अमूर्त म्हणजे भावनेचं भाषांतर असंही नाही. चित्रकार गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणायलाच तयार नसत, अ-वस्तुनिष्ठ, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेली, म्हणत. रोलर आणि पॅलेट नाइफ, रंग चढवणं आणि उतरवणं, पुन्हा चढवणं. त्यातून येणारी शांतता कुठल्या निळ्याने आलेली नाही. एकाच रंगाच्या आत मूल्याचे अगदी जवळजवळचे फरक आहेत आणि डोळ्याला ते सापडायला वेळ लागतो, त्या वेळेतून ती आलेली आहे. बघण्याचा वेग मंद झाला की माणूस शांत होतो. वेग वाढवायचा तर उलट करा: मोठे फरक, कडक कडा, जवळजवळ ठेवलेले लहान आकार.

---

धूसर

फटी आणि कडा हे डोक्यातच नव्हतं. कागद कापायला घेतो. पण तिसऱ्या अडचणीचं काय? आणि अजून एक: ओला असताना बरोबर जुळवलेला रंग वाळल्यावर गडद होतो, मग दुरुस्ती, मग चिखल. पाणी जास्त होतंय का?

---

ट्यूबवाचक

तिन्ही गोष्टी एकाच साखळीतल्या आहेत.

वाळल्यावर गडद: अॅक्रिलिकमधला बाइंडर (रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट घटक) ओला असताना दुधी असतो, वाळला की पारदर्शक होतो. दुधीपणा गेला की रंग खाली उतरतो. गडद आणि पारदर्शक रंगांत, म्हणजे तुमच्या अल्ट्रामरीन-थॅलोत, हे जास्त जाणवतं. पांढरा भरपूर असलेल्या मिश्रणात कमी. त्यामुळे महत्त्वाचं मिश्रण थेट कॅनव्हासवर जाऊ नये. कागदाच्या पट्टीवर लावा, हेअर ड्रायरने पूर्ण वाळवा, मग जुळवा. पुरेसा रंग एकदाच कालवून झाकणाच्या डबीत ठेवा. अर्ध्यावर संपला तर तोच करडा पुन्हा जुळणं कठीण असतं.

चिखल: प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग गिळतं. दोन विरोधी किंवा तीन-चार रंगद्रव्यं एकत्र आली की सगळ्यांचंच थोडंथोडं गिळलं जातं आणि तीव्रता कोसळते. त्यावर उजळ करायला टायटॅनियम घातला की खडूसारखं होतं. नियम सोपा: एका मिश्रणात दोन रंगद्रव्यं आणि पांढरा. ट्यूबवरचं रंगद्रव्याचं क्रमांक-नाव वाचा, कारण एखाद्या आकर्षक नावाच्या ट्यूबमध्ये आधीच तीन रंगद्रव्यं असतात. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू पीबी १५, टायटॅनियम पीडब्ल्यू ६. एकच क्रमांक असलेली ट्यूब मिश्रणाला चांगली. थॅलो दुसऱ्या रंगात घालायचा, दुसरा रंग थॅलोत नाही. काडीच्या टोकाएवढ्याने सुरुवात करा, तो सगळ्यांना खाऊन टाकतो.

पण करडा झाला म्हणजे चिखल झाला असं नाही. करडा यांच्या नावावरूनच कळेल. चिखल तेव्हा दिसतो, जेव्हा त्या करड्याचं मूल्य शेजाऱ्याइतकंच असतं आणि तो ऊबदार की गार हेही ठरत नाही. तो खरवडण्याआधी शेजारी एक तीव्र रंगाचा कागदाचा तुकडा धरून बघा. पुष्कळदा चिखलच चित्रातला सर्वांत चांगला रंग निघतो, फक्त त्याला शेजारी चुकीचा मिळालेला असतो.

ओल्यात ओलं करत राहणं हे दुसरं कारण. अॅक्रिलिकवर काही मिनिटांत साय धरते. त्या अर्धवट सायीवरून ब्रश फिरला की ती फाटते, खालचा थर वर येतो, गुठळ्या होतात. एकतर लगेच काम संपवा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. हाताला गार लागतंय तोवर आत पाणी आहे. रिटार्डरने (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाने) वेळ वाढतो, पण एकूण रंगाच्या १५ टक्क्यांपुढे गेलात तर थर दिवसेंदिवस चिकट राहतो. पाण्याची भांडी दोन ठेवा, पहिल्यात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी रंगात घ्यायचं. निम्मा चिखल भांड्यातूनच येतो.

दुरुस्ती मिसळून न करता थराने करा. वाळलेल्या थरावर १ भाग रंग आणि १० भाग ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक करणारा द्रव), मऊ चपट्या ब्रशने. फार तीव्र झालेला लाल उतरवायचा तर त्यावर अल्ट्रामरीन-सिएनाचा असा एक पातळ थर. छटा टिकते, आवाज खाली येतो. उलट काम हवं असेल तर जवळजवळ कोरड्या ब्रशने उजळ अपारदर्शक रंग घासा, खालचा कणाकणाने दिसत राहील.

पाण्याबद्दल: जेसोवर नुसत्या पाण्याने खूप पातळ केलेला रंग नीट धरत नाही. बाइंडर विरळ होतो आणि पुढचा थर लावताना तो उठून येतो. तिथे मीडियम वापरा. विना-जेसो कापडावर मात्र पाणी चालतं, रंग धाग्यांत मुरतो. १९५२ मध्ये हेलन फ्रँकेनथेलरने 'माउंटन्स अँड सी' याच पद्धतीने केलं, पण तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, आणि तेलाने डागांभोवती वलयं धरली. थेट लागलेलं तेल कापडालाही कालांतराने ठिसूळ करतं. त्या मुरलेल्या कडेचा हळवेपणा हवा असेल तर अॅक्रिलिक जास्त सुरक्षित.

---

रिकामी_जागा

एक भर, पृष्ठभागाच्या चकाकीची. तकतकीत काळ्यात खोलीचा दिवा आणि बघणाऱ्याचं तोंड दिसतं. मॅट काळा नजर आत घेतो. अॅड राइनहार्टने १९६० च्या दशकातल्या, पाच फूट बाजूच्या चौकोनी काळ्या चित्रांसाठी रंगातलं तेल काढून टाकलं होतं ते याचसाठी. पृष्ठभाग इतका नाजूक झाला की बोट लागलं तरी खूण राहते. मॅट वार्निशचा फटका वेगळा: ते गडद रंग वर उचलतं, २ वरचा ३ सारखा दिसतो. तुमचं चित्र १ ते ४ मधलंच असेल तर वार्निश आधी सरावाच्या कागदावर लावून बघा.

---

त्रिकोणी_पिवळा

बघणाऱ्यांना "काय वाटतं?" असं विचारू नका. लोक सभ्य असतात, "छान" म्हणतात. दोन कागद शेजारी ठेवा, तीन सेकंद दाखवा, झाका, आणि विचारा: जड कुठला? जवळ कुठला? कुठल्याकडे जास्त वेळ बघवणार नाही? चित्राचं नाव सांगायचं नाही. पाचातल्या चौघांनी एकाच कागदाकडे बोट दाखवलं तर त्या दोन कागदांमधला जो एकच फरक होता, तो काम करतोय. म्हणूनच दोन कागदांत फरक एकच ठेवायचा. दोन बदल एकदम केलेत तर उत्तर मिळेल, पण ते कशाचं आहे ते कळणार नाही.

---

करडा

आणि हे सगळं एकाच उजेडात करा. ५००० केल्विनच्या आसपासचा, रंग नीट दाखवणारा दिवा. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली जुळवलेला गार करडा सकाळी निळा निघतो.

ट्यूबवाचक यांनी रंगद्रव्याच्या क्रमांकांचं सांगितलं, त्यात टिकाऊपणाही बघा. रॉथकोने हार्वर्डसाठी केलेल्या पाच भित्तिचित्रांत लिथॉल रेड होता. १९६४ मध्ये ती लागली, खिडकीच्या उन्हाने लाल उडत गेला, १९७९ मध्ये ती उतरवून ठेवावी लागली. २०१४ मध्ये पुन्हा दाखवली तेव्हा हरवलेला रंग प्रोजेक्टरच्या प्रकाशाने वर टाकला होता. ज्या गडद लालावर सगळा भाव उभा होता तोच आधी गेला. तुमच्या यादीतले रंग या बाबतीत पक्के आहेत. पुढे अलिझारिन क्रिमसन घ्यायचा मोह झाला तर पीआर ८३ टाळा, तो उडतो. क्विनाक्रिडोनचा, पीव्ही १९ चा, गडद लाल घ्या. शंका असलेल्या रंगाची पट्टी काढा, अर्धी अॅल्युमिनियम फॉइलने झाका, उन्हाच्या खिडकीत सहा महिने ठेवा, आणि मागे तारीख लिहा.